उशिरा सुरू होणारा संप्रेरकोपचार : नांदेड-लातूरच्या संदर्भात

जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारा लिंगभाव यांचा मेळ ज्यांच्या बाबतीत बसत नाही, त्या पारलिंगी व्यक्तींपैकी काही जण आपले शरीर त्या लिंगभावाच्या जवळ यावे म्हणून संप्रेरकोपचार घेतात. म्हणजे शरीरातील ग्रंथी रक्तात जी द्रव्ये सोडतात, त्यांपैकी इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन औषधरूपाने घेतात आणि गरजेप्रमाणे शरीरातील मूळ संप्रेरक दाबून टाकतात. या उपचाराविषयी मराठीत जी थोडीफार चर्चा होते, ती बहुतांशी तरुणांभोवती फिरते. पस्तिशी, चाळिशी किंवा पन्नाशी उलटल्यावर, लग्न, मुले, शेती आणि नोकरी जागच्या जागी असताना, या उपचाराचा विचार करणाऱ्या व्यक्तीपुढे मात्र दोन वेगळे प्रश्न उभे असतात : आता उशीर झाला काय, आणि आता हे शरीराला सोसेल काय. पहिल्या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे किंवा पारलिंगी आरोग्याच्या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली उपचार-मानकांची आठवी आवृत्ती, यांपैकी कशातही उपचार सुरू करण्यासाठी वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वयापेक्षा औषधाच्या प्रकारावर आणि नियमित तपासणीवर अधिक अवलंबून असते, आणि मराठवाड्यातील खरी अडचण तेथेच आहे.

या भागात निर्णयाला उशीर का होतो, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या संस्थानाने १३२९ फसली साली, म्हणजे इसवी सन १९१९ मध्ये, तृतीयपंथीयांविषयी एक कायदा केला. त्यात त्यांची नोंदवही ठेवण्याची आणि स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी आढळल्यास वॉरंटशिवाय अटक करण्याची तरतूद होती. मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला आणि पुढे महाराष्ट्रात आला, परंतु तेलंगणाच्या बाजूला हा कायदा पुस्तकात तसाच राहिला आणि तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवण्यास २०२३ चा जुलै उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात पारलिंगी व्यक्तींना स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला, तर भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द झाले. १९७५ साली जन्मलेली व्यक्ती या दोन निकालांच्या वेळी अनुक्रमे ३९ आणि ४३ वर्षांची होती. तिच्या तारुण्यात तिच्यापुढे ठळकपणे दोनच वाटा होत्या : घर सोडून गुरूच्या घरी जाणे आणि हिजडा समाजाच्या घराण्यात चेला होणे, किंवा घरच्यांनी ठरवलेल्या लग्नाला उभे राहून गप्प बसणे. ज्यांना घराण्याच्या वाटेने जायचे नव्हते, किंवा जन्मतः स्त्री म्हणून नोंद झाल्यामुळे ती वाटही ज्यांना उपलब्ध नव्हती, त्यांच्या आयुष्यातील वीस-पंचवीस वर्षे अशीच गेली. उशिरा येणाऱ्या माणसाला ‘इतकी वर्षे का गप्प होतास’ असे विचारणारे नातेवाईक आणि कधी कधी डॉक्टरही हा कालक्रम विसरतात, आणि ते अन्यायाचे आहे.

उपचाराने नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, याची स्पष्ट कल्पना प्रौढ व्यक्तीला आधीच देणे आवश्यक असते. पारलिंगी स्त्रीला, म्हणजे जन्मतः पुरुष नोंद असलेल्या व्यक्तीला, सहसा इस्ट्राडायॉल हे नैसर्गिक इस्ट्रोजेन गोळी, जेल, पट्टी किंवा इंजेक्शनच्या रूपाने दिले जाते आणि त्याच्या जोडीला टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारे औषध असते. त्वचा मऊ होणे, स्तनांची वाढ सुरू होणे आणि चरबीची मांडणी बदलणे हे बदल साधारण तीन ते सहा महिन्यांत दिसू लागतात आणि पूर्ण होण्यास दोन-तीन वर्षे किंवा अधिक लागतात. फुटलेला आवाज मात्र पुन्हा बारीक होत नाही, त्यासाठी वाणी-उपचाराचा सराव करावा लागतो. उंची आणि खांद्यांची रुंदी तशीच राहते. गळालेले केस सहसा परत येत नाहीत, फक्त पुढची गळती मंदावते. वयाचा एक परिणाम येथे विशेष जाणवतो. दाढीचे केस कायमचे काढण्यासाठी वापरले जाणारे लेझर केसांतील काळ्या रंगद्रव्यावर काम करते, त्यामुळे ज्या व्यक्तीची दाढी पिकू लागली आहे तिला पांढऱ्या केसांसाठी विजेच्या सुईने एकेक केस मुळापासून काढण्याची, वेळखाऊ आणि वेदनादायी, इलेक्ट्रोलिसिसची पद्धत वापरावी लागते. हा तपशील किरकोळ वाटला तरी लातूरसारख्या शहरात रोज दुकानात किंवा कचेरीत बसणाऱ्या पन्नाशीच्या व्यक्तीसाठी तो फार मोठा असतो, कारण लोकांची नजर पहिल्यांदा चेहऱ्यावरच जाते.

पारलिंगी पुरुषाला, म्हणजे जन्मतः स्त्री नोंद असलेल्या व्यक्तीला, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने किंवा जेल दिले जाते. पाळी साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांत थांबते, आवाज वर्षभरात खाली उतरतो आणि तो बदल कायमचा असतो, दाढी-मिशी भरण्यास चार-पाच वर्षे लागू शकतात. चाळिशीच्या पुढे उपचार सुरू करणाऱ्याच्या बाबतीत रजोनिवृत्तीचा काळही जवळ आलेला असतो, त्यामुळे अनियमित रक्तस्राव झाल्यास त्याचे खापर सरसकट संप्रेरकांवर न फोडता गर्भाशयाची तपासणी करावी लागते. पाळी थांबली म्हणजे गर्भधारणेची शक्यताही संपली, हा समज चुकीचा आहे. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही आणि गर्भाला ते घातक असते.

आता धोक्यांचा विचार, कारण वय वाढलेले असताना सर्वांत जास्त वजन त्यालाच द्यावे लागते. या विषयावरील दीर्घकालीन माहितीचा मोठा भाग नेदरलँड्समधील आम्स्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयातून आला आहे, जेथे १९७२ पासून हजारो पारलिंगी व्यक्तींवर उपचार झाले आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. १९९७ मध्ये तेथील डॉक्टरांनी आठशेहून अधिक पारलिंगी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सुमारे वीसपट आढळले. कारणाचा शोध घेताना संशय एका विशिष्ट औषधावर गेला : गर्भनिरोधक गोळ्यांत वापरले जाणारे एथिनिल इस्ट्राडायॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन, जे तेथे दिवसाला १०० मायक्रोग्रॅम दिले जात असे. चाळिशी ओलांडलेल्यांना गोळीऐवजी त्वचेतून शोषले जाणारे इस्ट्रोजेन देण्याची पद्धत तेथे याच अनुभवातून रूढ झाली, कारण तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारी प्रथिने वाढवते, तर त्वचेतून जाणारे यकृताला वळसा घालते. २०११ च्या पुढच्या अभ्यासात एथिनिल इस्ट्राडायॉल चालू असणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे तिप्पट असल्याचे दिसले. हे औषध मागे पडल्यानंतरही धोका शून्यावर आलेला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अडीच हजार पारलिंगी स्त्रियांच्या विश्लेषणात पक्षाघाताचे प्रमाण सर्वसामान्य पुरुषांच्या तुलनेत १.८० पट आणि गुठळीचे प्रमाण ४.५५ पट आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात २,२६० पारलिंगी स्त्रियांपैकी १५ जणींना स्तनाचा कर्करोग झाल्याची नोंद आहे. पुरुषांपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त, पण इतर स्त्रियांपेक्षा कमी आहे.

आम्स्टरडॅमच्या या आकड्यांचा नांदेडशी थेट संबंध आहे, आणि तो माला-डीच्या पाकिटातून येतो. डॉक्टरापर्यंत न पोहोचलेल्या पारलिंगी स्त्रिया भारतात अनेक वर्षांपासून गर्भनिरोधक गोळ्यांचाच आधार घेत आल्या आहेत, कारण त्या स्वस्त आहेत, कोणत्याही मेडिकल दुकानात मिळतात आणि त्यांच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. माला-डीच्या प्रत्येक संप्रेरकयुक्त गोळीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल असते, तर २८ गोळ्यांच्या पाकिटातील सात गोळ्या निव्वळ लोहाच्या असतात. लवकर फरक दिसावा म्हणून दिवसाला तीन-चार गोळ्या घेणारी व्यक्ती नकळत त्याच मात्रेवर जाते, जी मात्रा युरोपात धोकादायक म्हणून सोडून देण्यात आली. पंचविशीतले शरीर हे काही काळ निभावून नेईल. पण पंचेचाळिशीतली, तंबाखू किंवा बिडी ओढणारी, रक्तदाब वाढलेली व्यक्ती जेव्हा मैत्रिणीच्या सल्ल्याने तेच करते, तेव्हा तो जिवाशी खेळ होतो. या संपूर्ण आढाव्यातून एकच गोष्ट वाचकापर्यंत पोहोचवायची असेल, तर ती हीच आहे : गर्भनिरोधक गोळी हा संप्रेरकोपचार नाही, आणि चाळिशीनंतर तर ती या कामासाठी हातातही घेऊ नये.

प्रौढ भारतीयाचे शरीर उपचाराला येते तेव्हा ते बहुधा कोरे नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. हृदयविकाराचा पहिला झटका दक्षिण आशियात सरासरी ५३ व्या वर्षी येतो, म्हणजे उरलेल्या जगापेक्षा पाच-सहा वर्षे आधी, असे ‘इंटरहार्ट’ या जागतिक अभ्यासात दिसून आले होते. त्यामुळे परदेशात पन्नाशीला घ्यायची काळजी येथे चाळिशीलाच घेणे शहाणपणाचे ठरते. याचे एक ठोस उदाहरण औषधांच्या आपसातील परिणामांचे आहे. टेस्टोस्टेरॉन रोखण्यासाठी भारतात वापरले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात लघवी वाढवणारे आणि रक्तदाबावरचे औषध आहे. ते शरीरातील पोटॅशियम रोखून धरते. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या औषधांचाही कल पोटॅशियम वाढवण्याकडेच असतो, आणि दोन्ही एकत्र आली की हृदयाची लय बिघडण्याइतकी पातळी चढू शकते. मधुमेहाने मूत्रपिंड अशक्त झालेले असेल तर अधिकच. रक्तदाबाची गोळी देणारा डॉक्टर एक आणि संप्रेरके घेण्याचा सल्ला देणारा दुसरा, आणि रुग्णाने संकोचाने दोघांपासून एकमेकांची औषधे लपवलेली, ही परिस्थिती लहान शहरात सहज उद्भवते. टेस्टोस्टेरॉन रोखणारे सायप्रोटेरॉन हे दुसरे औषध जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणावरील मेनिन्जिओमा या गाठीशी त्याचा संबंध दिसून आला आहे, म्हणून युरोपीय औषध नियामकाने २०२० मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले. आता ते देण्याची वेळ आलीच तर मात्रा पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी ठेवतात.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचा धोका निराळा आहे. त्याने तांबड्या रक्तपेशी वाढतात आणि रक्त दाट होते. रक्तातील पेशींचा वाटा दाखवणारी हिमॅटोक्रिट ही साधी तपासणी ५४ टक्क्यांच्या वर गेली तर मात्रा कमी करावी लागते. एक हजाराहून अधिक पारलिंगी पुरुषांच्या डच अभ्यासात हे दाटपण ज्यांच्यात अधिक आढळले, त्यांच्यात धूम्रपान, वजन आणि उपचार सुरू करतानाचे जास्त वय हे घटक ठळक होते. उन्हाळ्यात ज्या भागाचा पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेथे शरीरातील पाणी कमी झाल्याने हीच तपासणी फसवी उंची दाखवू शकते, याचे भान मे महिन्यातील अहवाल वाचताना ठेवावे लागते.

या सगळ्या धोक्यांच्या दुसऱ्या बाजूला लाभ ठेवून पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नहून ६४ प्रौढांवरील एक नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात काहींना टेस्टोस्टेरॉन लगेच आणि काहींना तीन महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर दिले गेले, आणि लगेच उपचार मिळालेल्या गटात शरीराविषयीची वेदना, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार या तिन्हींत स्पष्ट घट आढळली. आम्स्टरडॅमच्या २०११ च्या अभ्यासातही पारलिंगी स्त्रियांच्या वाढलेल्या मृत्युदरामागे संप्रेरकांपेक्षा आत्महत्या आणि एड्स यांचा वाटा मोठा होता. म्हणजे उपचार न देणे ही निर्धोक वाट आहे, असे डॉक्टरला मानता येत नाही.

मराठवाड्यात आणखी एक गट आहे, ज्याचा उल्लेख परदेशी मार्गदर्शक तत्त्वांत क्वचित सापडतो. हिजडा समाजात ज्यांचे तारुण्यात ‘निर्वाण’ झाले, म्हणजे अंडकोष व शिश्न काढले गेले, त्यांच्यापैकी अनेकींनी पुढे कोणतेही संप्रेरक घेतलेले नसते. अंडकोष गेल्यावर टेस्टोस्टेरॉन संपते, आणि इस्ट्रोजेनही मिळाले नाही तर हाडांतील खनिज झपाट्याने कमी होते, जसे रजोनिवृत्तीनंतर होते. फक्त येथे ते पंचविशीतच सुरू झालेले असते. अशी व्यक्ती पंचेचाळिसाव्या वर्षी उपचाराला आली तर तिच्यासाठी इस्ट्राडायॉल हे रूपबदलाच्या आधी हाडे वाचवण्याचे औषध असते, आणि टेस्टोस्टेरॉन रोखणाऱ्या औषधाची तिला गरजच नसते. तिला ‘आता या वयात कशाला’ असे म्हणून परत पाठवणारा डॉक्टर तिच्या मोडणाऱ्या हाडांकडे पाठ फिरवत असतो.

उपचाराची सुरुवात मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाच्या मूल्यांकनाने होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, लिंगभाव विसंगती ही मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. त्यामुळे या भेटीचा उद्देश व्यक्तीला वेड लागले आहे काय हे पाहणे असा राहिलेला नाही, तर निर्णय समजून-उमजून घेतला आहे आणि उपचाराविना राहिलेले नैराश्य वाटेत येणार नाही, याची खात्री करणे हा आहे. त्यानंतर रक्तदाब, साखर, चरबी, यकृत, मूत्रपिंड आणि संप्रेरकांच्या पातळ्या पाहून उपचार सुरू होतो, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोन वेळा तपासण्या होतात. मूल हवे असण्याची शक्यता असेल तर शुक्राणू किंवा बीजांडे गोठवण्याचा विचार आधी करावा लागतो, जरी उशिरा येणाऱ्यांपैकी अनेकांना आधीच मुले असतात.

या तपासण्यांपैकी बहुतेक लातूर आणि नांदेडच्या प्रयोगशाळांत होतात. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, आणि दोन्हीकडे औषधवैद्यक व मानसोपचार हे विषय शिकवले जातात. कमतरता आहे ती या उपचाराचे शिक्षण मिळालेल्या आणि रुग्णाला न हसता ऐकून घेणाऱ्या डॉक्टरांची. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतील अशास्त्रीय आणि अवमानकारक मजकुराकडे महाराष्ट्रातूनच, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लक्ष वेधले होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पुस्तके सुधारण्याची सूचना केली, तरीही २०२४ च्या अभ्यासक्रमात जुना मजकूर पुन्हा शिरला आणि टीकेनंतर तो मागे घ्यावा लागला. ज्या डॉक्टरांनी आधीची पुस्तके वाचून पदव्या घेतल्या, ते आज तालुक्या-तालुक्यात रुग्ण तपासत आहेत.

त्यामुळे रुग्ण बाहेर जातो, आणि येथे जुना इतिहास पुन्हा दिशा दाखवतो : नांदेडकराला मुंबईपेक्षा हैदराबाद निम्म्याहून कमी अंतरावर आहे. हैदराबादेत जानेवारी २०२१ मध्ये ‘मित्र’ हे देशातील पारलिंगी व्यक्तींसाठीचे पहिले सर्वसमावेशक आरोग्य केंद्र अमेरिकी मदतीने सुरू झाले, आणि त्याच धर्तीवर कल्याण व पुणे येथेही केंद्रे निघाली. संप्रेरकांचा सल्ला देणारे, बरेचसे पारलिंगी कर्मचाऱ्यांनीच चालवलेले हे दवाखाने अमेरिकी सरकारने परदेशी मदत थांबवताच २०२५ च्या सुरुवातीला बंद पडले. हैदराबादचे केंद्र पुढे टाटा ट्रस्टच्या साहाय्याने नव्या नावाने उघडले. आयुष्यभर चालणारा उपचार परक्या देशाच्या अंदाजपत्रकावर सोडणे किती घातक आहे, हे यातून दिसले. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने संप्रेरकोपचार व समुपदेशनाची सोय करण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली होती, आणि २०२२ मध्ये आयुष्मान भारतच्या अंतर्गत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे विमाकवच जाहीर झाले. परंतु विमा रुग्णालयातील शस्त्रक्रियेला जितका सहज लागू पडतो, तितका दर महिन्याच्या गोळीला आणि दर तिमाहीच्या रक्ततपासणीला लागू पडत नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या शासकीय महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस जरी औषधवैद्यक आणि मानसोपचार विभागांनी मिळून बाह्यरुग्ण विभाग चालवला, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही, नवे यंत्रही लागणार नाही.

कागदपत्रांचा भार वयाबरोबर वाढतो. वीस वर्षांच्या मुलाकडे शाळेचा दाखला आणि आधार असते. पन्नाशीच्या व्यक्तीकडे सातबारा, शिधापत्रिका, सेवापुस्तिका, बँकेचे कर्ज आणि मुलांच्या दाखल्यावरील पालकाचे नाव असते. २०२० च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारे ओळखपत्र शारीरिक तपासणीशिवाय, शपथपत्रावर देण्याची तरतूद केली, आणि स्त्री किंवा पुरुष अशी सुधारित नोंद मिळवण्यासाठी आवश्यक ‘वैद्यकीय हस्तक्षेप’ या शब्दांत समुपदेशन व संप्रेरकोपचाराचाही समावेश केला. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वयस्कर व्यक्तीसाठी हे कलम फार मोलाचे होते. नोकरीच्या बाबतीत मराठवाड्यातील गाजलेले उदाहरण बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांचे आहे, ज्यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्यावर पुरुष म्हणून त्याच दलात सेवा चालू ठेवली. त्यांच्या प्रकरणात गुणसूत्रांची तपासणीही झाली होती आणि ते सर्वस्वी पारलिंगी संप्रेरकोपचाराचे उदाहरण नाही. परंतु नोकरी न गमावता वयाच्या तिशीत नवी नोंद मिळवता येते, हे मराठवाड्याने त्यांच्यामुळे पाहिले.

घरातील प्रश्न कोणत्याही नियमात मावत नाहीत. पत्नीने किंवा पतीने ज्या माणसाशी लग्न केले तो बदलत असेल, तर तिचे किंवा त्याचे दुःखही खरे असते, आणि समुपदेशनात त्या जोडीदाराला स्वतंत्र वेळ मिळाला पाहिजे. हाताशी आलेल्या मुलांना आधी सांगावे की शेवटी, यालाही ठरावीक उत्तर नाही. मात्र आवाज किंवा शरीर बदलू लागल्यावर शेजाऱ्यांकडून कळण्यापेक्षा घरातून कळणे बरे, एवढे निश्चित म्हणता येते.

उपचार किती वर्षे चालू ठेवायचा, हा शेवटचा प्रश्न उशिरा सुरुवात करणाऱ्यांपुढे लवकर येतो. बंद करण्याचे वय कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वाने ठरवून दिलेले नाही. साठीनंतर मात्रा कमी करणे आणि गोळीऐवजी जेल किंवा पट्टी वापरणे, अशी सहसा पद्धत आहे. ज्यांचे अंडकोष किंवा बीजकोश काढलेले आहेत त्यांनी मात्र हाडांचा विचार केल्याशिवाय औषध अचानक सोडू नये. शस्त्रक्रिया झाली तरी पारलिंगी स्त्रीच्या शरीरात पुरःस्थ ग्रंथी राहते, आणि पारलिंगी पुरुषाचे गर्भाशयमुख काढलेले नसेल तर त्याच्या कर्करोगाची तपासणी ठरल्या काळाने करावीच लागते; केसपेपरवर ‘स्त्री’ लिहिलेल्या सत्तर वर्षांच्या रुग्णाला लघवीचा त्रास झाला तर तपासणाऱ्या डॉक्टरच्या ध्यानात ही ग्रंथी यायला हवी, आणि ती गोष्ट त्याला सांगण्याइतका विश्वास त्या रुग्णाला वाटायला हवा.